अमेरिकेची काँग्रेस आणि संसदीय पद्धत: कौल देण्याआधी काय तोलून पाहावे

अर्थसंकल्प मंजूर झाला नाही तर पुढे काय होते, हा प्रश्न कोणत्याही देशाच्या विधिमंडळाविषयी आधी विचारावा, कारण त्याच्या उत्तरात त्या देशाच्या राज्यव्यवस्थेची बरीच ओळख होते. पोर्तुगालच्या संसदेने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी आंतोनियु कोश्ता यांच्या सरकारचा अर्थसंकल्प फेटाळला. कोश्ता यांच्या वडिलांचे घराणे मडगावचे, म्हणून गोव्यातही ती बातमी आपुलकीने वाचली गेली. तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी संसद विसर्जित केली, ३० जानेवारी २०२२ रोजी मतदान झाले आणि मतदारांनी कोश्ता यांनाच, या वेळी स्पष्ट बहुमत देऊन, पुन्हा सत्तेवर बसवले. पेच निर्माण झाल्यापासून जनतेने तो सोडवेपर्यंत साधारण तीन महिने गेले. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०२५ रोजी नवे आर्थिक वर्ष सुरू झाले, तेव्हा खर्चाचे विधेयक मंजूर झालेले नव्हते. केंद्र सरकारचे बरेचसे कामकाज ४३ दिवस ठप्प राहिले आणि लाखो कर्मचाऱ्यांचे पगार अडकले. राष्ट्राध्यक्षपद आणि काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, दोन्ही सभागृहे त्या वेळी एकाच पक्षाकडे होती, तरीही हे घडले. कोणाचे पद गेले नाही आणि निवडणूकही झाली नाही, कारण तिथल्या राज्यघटनेत तशी वाटच ठेवलेली नाही.

भारताने अध्यक्षीय पद्धत स्वीकारावी की नाही, या चर्चेत ज्यांना विचारपूर्वक मत बनवायचे आहे, त्यांच्यासाठी ही तुलना आहे. या चर्चेत पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष या दोन पदांची तुलना होते, आणि खंबीर नेता कोणत्या पद्धतीत मिळेल एवढ्यावरच वाद संपतो. माझ्या मते ही मांडणी अपुरी आहे. पद्धत बदलली की सर्वांत जास्त बदलते ते विधिमंडळ, आणि म्हणून निवड करताना आधी सभागृहाकडे पाहिले पाहिजे.

हा मुद्दा आपल्या संविधानाच्या मसुद्यावेळी अत्यंत स्पष्टपणे मांडला गेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेतले होते आणि अमेरिकी व्यवस्था त्यांना जवळून माहीत होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी सांगितले की, अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक आणि उत्तरदायित्व कमी असते, तर ब्रिटिश पद्धतीत उत्तरदायित्व अधिक आणि स्थैर्य कमी असते. अमेरिकेत सरकारचे मूल्यमापन ठरावीक काळाने मतदार करतात; संसदीय पद्धतीत ते निवडणुकीत तर होतेच, शिवाय प्रश्न, ठराव आणि वादविवाद यांच्या द्वारे सभागृहात दररोज होते. मसुद्याने स्थैर्यापेक्षा उत्तरदायित्वाला झुकते माप दिले आहे, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. पुढच्या सर्व मुद्द्यांना हाच गज लावून पाहता येतो.

पहिला फरक सरकार कुठे बसते याचा आहे. आपल्याकडे मंत्री संसदेचा सदस्य असावा लागतो, नसेल तर सहा महिन्यांत व्हावे लागते, आणि संविधानाच्या अनुच्छेद ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. अमेरिकेत याच्या नेमके उलट आहे: मंत्रिपद स्वीकारायचे तर काँग्रेसचे सदस्यत्व सोडावे लागते. हिलरी क्लिंटन यांनी २००९ मध्ये आणि मार्को रुबियो यांनी २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री होताना सिनेटचा, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाचा, राजीनामा दिला तो याच नियमामुळे. त्यामुळे तिथे प्रश्नोत्तराचा तास नाही, तारांकित प्रश्न नाही, लक्षवेधी सूचनेला उभे राहून उत्तर देणारा मंत्रीही नाही. त्याऐवजी समित्यांच्या सुनावण्या आहेत. साक्षीदाराला समन्स काढून बोलावणे, शपथेवर तासन्‌तास उलटतपासणी घेणे आणि कागदपत्रे मागवणे, हे सारे समितीला करता येते. १९७३ साली वॉटरगेट प्रकरणात सिनेटच्या समितीसमोरच राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातील संभाषणे ध्वनिमुद्रित होत असल्याचे उघड झाले, आणि पुढच्या वर्षी निक्सन यांना पायउतार व्हावे लागले. आपल्या प्रश्नोत्तराच्या तासात एखाद्या प्रकरणाच्या इतक्या खोलात जाणे शक्य होत नाही, हे मान्य करायला हवे.

दुसरा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: कायदा प्रत्यक्षात कोण करते? संसदीय देशांत महत्त्वाची विधेयके मंत्रालयांत तयार होतात आणि बहुमताच्या बळावर मंजूर होतात. मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली अशासकीय विधेयके आपल्या संसदेने आजवर अवघी चौदा संमत केली आहेत आणि त्यांतले शेवटचे १९७० मधले आहे. अमेरिकेत विधेयक फक्त सदस्यच मांडू शकतो; राष्ट्राध्यक्षांनाही आपल्या मनातला कायदा कोणा सदस्याकरवीच मांडावा लागतो. मग त्याची समितीत चिरफाड होते, कलमे बदलतात आणि बहुतेक विधेयके तिथेच संपतात. या कामासाठी काँग्रेसकडे स्वतःची यंत्रणा आहे. १९७४ च्या कायद्याने तिने स्वतंत्र अंदाजपत्रक कार्यालय उभारले, आणि एखाद्या विधेयकाने तिजोरीवर किती भार पडेल याचा हिशेब ते कार्यालय सरकारवर अवलंबून न राहता मांडते. आपल्या संसदेकडे असे कार्यालय नाही. विभागनिहाय स्थायी समित्या आपण १९९३ मध्ये स्थापन केल्या, पण विधेयक त्यांच्याकडे पाठवणे बंधनकारक ठेवले नाही.

सदस्याचे मत किती मोकळे, हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. २८ जुलै २०१७ च्या पहाटे सिनेटर जॉन मॅकेन यांनी स्वपक्षाच्या आरोग्यविमा विधेयकाविरुद्ध मत दिले आणि ते विधेयक ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडले. त्यांच्यासह तीन रिपब्लिकन सदस्य विरोधात गेले होते. पक्षनेतृत्व रुष्ट झाले, पण त्यांच्या जागेला कोणी हात लावू शकले नाही. भारतात १९८५ पासून संविधानाच्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्वच जाऊ शकते, मग विषय सरकार टिकण्याचा असो वा एखाद्या साध्या विधेयकाचा. मात्र हा दोष संसदीय पद्धतीच्या माथी मारणे बरोबर नाही. ब्रिटनमध्ये १५ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा करार, ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला, तेव्हा सत्ताधारी पक्षाचे ११८ सदस्य विरोधात गेले होते. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सरकारने अविश्वास ठराव परतवून लावला. म्हणजे सभागृहाला सरकारचा प्रस्ताव नाकारूनही सरकार ठेवता येते. आपण ती मोकळीक घोडेबाजार रोखण्याच्या हेतूने स्वतःहून सोडली आहे.

वरिष्ठ सभागृहाबाबत थोडक्यात सांगता येईल. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा आहेत: सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगला दोन आणि सुमारे चार कोटींच्या कॅलिफोर्नियालाही दोनच. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ आणि गोव्याची एक जागा आहे. राज्यसभेला धनविधेयक फार तर १४ दिवस रोखता येते आणि इतर विधेयकांवरचा तिढा संयुक्त बैठकीत सुटू शकतो. सिनेटला मात्र कनिष्ठ सभागृहाइतकेच कायदेविषयक बळ आहे. त्याखेरीज न्यायाधीश व मंत्री यांच्या नेमणुकांना संमती देण्याचा आणि परराष्ट्र करारांना दोन तृतीयांश मतांनी मान्यता देण्याचा अधिकारही तिच्याकडे आहे. त्यावर सिनेटच्या स्वतःच्या नियमाची भर अशी की, बहुतेक विधेयकांवरील चर्चा थांबवून मतदानाला जायचे तर १०० पैकी ६० मते लागतात. २०२५ मधील ४३ दिवसांचा खोळंबा या साठ मतांपाशीच झाला होता.

तिसरा मोठा फरक नको असलेल्या सरकारला घालवण्याचा आहे. १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने गेले. त्याआधी वीस वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये जेम्स कॅलाहन यांचे सरकारही एकाच मताने पडले होते. त्या पराभवांसाठी कोणावर गुन्हा सिद्ध करावा लागला नाही, सभागृहाचा विश्वास उरला नाही एवढे पुरले. नेता बदलणे तर आणखी सोपे असते. मालवण तालुक्यातील वराड गावाशी नाते असलेले लिओ वराडकर यांनी मार्च २०२४ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधानपद सोडत असल्याचे जाहीर केले आणि एप्रिलमध्ये तिथल्या संसदेने सार्वत्रिक निवडणूक न घेता नवा पंतप्रधान निवडला. अमेरिकेत त्यासाठी महाभियोगाचा एकच मार्ग आहे, आणि त्यात सिनेटची दोन तृतीयांश मते लागतात. आजवर तीन राष्ट्राध्यक्षांवर मिळून चार वेळा महाभियोग चालला, पण एकालाही दोषी ठरवून हटवता आले नाही.

उलट बाजूने पाहिले तर राष्ट्राध्यक्षही काँग्रेस विसर्जित करू शकत नाहीत. प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाच्या, ४३५ जागांसाठी दर दोन वर्षांनी निवडणूक होते. यादवी युद्ध पेटलेले असताना १८६४ मध्येही ती झाली. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२३ पासून मिशिगनमधून या सभागृहात आहेत, आणि त्यांनाही दर दोन वर्षांनी मतदारांसमोर उभे राहावे लागते. मुदत इतकी आखूड असल्याने सदस्य पक्षापेक्षा मतदारसंघाकडे अधिक पाहतो, आणि निवडणुकीच्या निधीकडेही.

महाराष्ट्राने हाच प्रश्न गावपातळीवर अनुभवला आहे. थेट जनतेतून सरपंच निवडण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला, २०२० मध्ये तो रद्द झाला आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाला. सरपंच एका गटाचा आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या गटाचे, अशी ग्रामपंचायत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अमेरिकेतील विभागलेली सत्ता वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ठराव अडतात, आणि दोष कोणाचा हे गावाला कळत नाही. दोन्ही बाजूंकडे जनतेचा कौल असतो आणि दोघेही त्याचाच दाखला देतात.

यावरून माझा कल संसदीय पद्धतीकडे आहे, हे मी उघडपणे नोंदवतो. बिघडलेले सरकार मुदतीआधी बदलण्याची सोय एकदा सोडली की ती परत मिळवणे फार अवघड होईल. मात्र ज्याला सध्याच्या संसदेत सदस्याचा आवाज दबलेला दिसतो आणि म्हणून अमेरिकी वाट बरी वाटते, त्याची तक्रार खरी आहे. तिचे उत्तर मात्र बरेच जवळ आहे. निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते की, पक्षादेश मोडल्याबद्दल सदस्यत्व जाण्याची शिक्षा सरकारवरील विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरतीच ठेवावी. तेवढे केले आणि प्रत्येक महत्त्वाचे विधेयक स्थायी समितीकडे जाणे सक्तीचे केले, तर अमेरिकी काँग्रेसच्या सदस्याकडे असलेले बरेचसे स्वातंत्र्य आपल्या खासदारालाही मिळेल. त्यासाठी दहाव्या अनुसूचीत आणि सभागृहाच्या नियमांत दुरुस्ती पुरेशी आहे. अनुच्छेद ७५ ला हात लावावा लागत नाही.