करकपात की करवाढ: क्वार्टेंग आणि रीव्ह्ज

२३ सप्टेंबर २०२२ ला ब्रिटनचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पैसा कुठून येणार याचा पत्ता नाही, सरकारी जमाखर्चाचा अंदाज बांधणाऱ्या ओबीआर या स्वतंत्र संस्थेचा अंदाजही सोबत नाही. तीन दिवसांत पौंड १.०३ डॉलरच्या आसपास घसरला. खरा गोंधळ मात्र रोखेबाजारात. सरकारी रोख्यांचे भाव पडले तसं, रोख्यांच्या तारणावर पैसा उचललेल्या पेन्शन फंडांकडे जादा तारण मागितलं गेलं. ते भागवायला त्यांनी रोखेच विकायला काढले, म्हणून भाव आणखी पडले. अखेर २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंड खरेदीला उतरली. १४ ऑक्टोबरला क्वार्टेंग घरी, पाठोपाठ पंतप्रधान लिझ ट्रसही.

लेबर पक्षाच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी ३० ऑक्टोबर २०२४ ला नेमकं उलट केलं: ओबीआरचा अंदाज हाताशी आणि सुमारे ४० अब्जांची करवाढ. आयकर, व्हॅट वाढवणार नाही असं पक्ष जाहीरनाम्यात म्हणून बसलेला, त्यामुळे मालकांचा नॅशनल इन्शुरन्स (कामगाराच्या पगारावर मालकाने भरायचा कर) सापडला. दर १३.८ वरून १५ टक्के, करमुक्त मर्यादा ९,१०० वरून ५,००० पौंड. म्हणजे वर्षाला २०,००० पौंड पगाराच्या एका माणसामागे सुमारे ७४५ पौंड जादा. (छोट्या धंद्यांची सवलत वाढवली, हेही खरं.)

बाजाराला न घाबरवणं या कसोटीवर रीव्ह्ज सरस. पण आर्थिक वाढीचा जप करत नोकरी देणाऱ्यावरच कर लावायचा, हे मला पटत नाही. यातला बराचसा भार पुढे कमी पगारवाढीतून कामगारांवरच जाईल, असं खुद्द ओबीआरनेच म्हटलं होतं.