खिशातला छोटा कॅमेरा की मुलाचा जुना निकॉन डी90? आठ महिने दोन्ही वापरल्यावर

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी कासच्या पठारावर माझ्या खिशातल्या कॅमेऱ्याची लेन्स अर्धी बाहेर येऊन अडकली. आत जाईना, बाहेरही येईना. आतून बारीक कर्रकर्र आवाज, पडद्यावर 'लेन्समध्ये बिघाड, कॅमेरा पुन्हा सुरू करा' एवढी सूचना आणि मग सगळं काळं. समोर सीतेच्या आसवांची फुलं पसरलेली, धुकं नुकतंच सरलेलं, आणि मी बॅटरी काढतेय, परत घालतेय. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर घाट चढून गेले होते. तो दिवस मला फार लागला.

आधी थोडं मागचं सांगते. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि पावसाळ्यात सुट्टी मिळाली की फुलांमागे फिरते. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला तेव्हा त्याचा निकॉन डी90 कपाटात तसाच राहिला. 2008 सालचं मॉडेल, 12 मेगापिक्सेल. सोबत 18-105 मिलिमीटरची झूम लेन्स. बॉडी 620 ग्रॅम, लेन्स 420, वर बॅटरी. गळ्यात किलोभराहून जास्त लोढणं नको, म्हणून मी जूनमध्ये पुण्यातून 8,500 रुपयांना एक वापरलेला अगदी छोटा कॅमेरा घेतला. वजन दीडशे ग्रॅम, बारापट झूम, साडीच्या पर्समध्ये सहज मावणारा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या आकाराच्या जवळपास सगळ्याच कॅमेऱ्यांची घडण सारखीच असते. फोनचं विचाराल, तर फोन माझ्याकडेही आहे, पण लांबच्या आणि अगदी जवळच्या फुलाला तो मला पुरत नाही.

जून-जुलैमध्ये मी छोट्यावर बेहद्द खूश होते. डी90 विकून टाकायचं जवळजवळ ठरलंही होतं. त्याचं कारण आज सांगायला हवं, कारण त्यातच सगळी मेख आहे. डी90 च्या खिडकीतून, म्हणजे डोळा लावून बघायच्या व्ह्यूफाइंडरमधून, मला सगळं धुरकट दिसायचं. मला वाटलं, इतकी वर्षं पडून राहिल्यामुळे आत बुरशी धरली असणार. साताऱ्याच्या पावसात लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही. फोटो मात्र पडद्यावर स्वच्छ यायचे. तरी मी डोकं चालवलं नाही. खिडकी खराब आहे असं धरूनच चालले.

ऑगस्टमध्ये मुलगा चार दिवस आला. त्याने खिडकीला डोळा लावला आणि म्हणाला, "आई, इथं उजव्या बाजूला छोटं चाक आहे ना, ते फिरव." नखाने फिरवायचं एवढंसं चाक. मी फिरवलं आणि आतल्या फोकसच्या चौकटीच्या रेघा सुईने ओढल्यासारख्या उमटल्या. ते चाक डायऑप्टरचं, म्हणजे खिडकीला स्वतःचा चष्म्याचा नंबर द्यायचं. डी90 वर ते उणे 2 पासून अधिक 1 पर्यंत फिरतं. मुलाने ते त्याच्या डोळ्यांना लावून ठेवलं होतं. माझं वय 53, लांबचं चांगलं दिसतं, पण चाळिशीशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही. चाक माझ्या बाजूला वळवल्यावर चाळिशी न लावता सगळं लख्ख दिसायला लागलं. आपण मोफत मिळालेली चांगली वस्तू केवळ न कळल्यामुळे विकायला निघालो होतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

चाक लावायची रीत ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: समोरच्या झाडाकडे बघून फिरवू नका. आतल्या चौकटी आणि खालचे आकडे ठळक दिसेपर्यंत फिरवा. दृश्य लेन्स फोकस करते, चौकटी तुमच्या डोळ्यावर अवलंबून असतात.

आता या चाकाचं मी एवढं कौतुक का करते ते ऐका. छोट्या कॅमेऱ्याला खिडकीच नाही, फक्त मागचा पडदा. तो पडदा वीतभर अंतरावरून बघायचा, म्हणजे चाळिशी डोळ्यावर हवीच. पठारावर पाय कुठे ठेवतोय ते बघायला चाळिशी काढायची, फोटोसाठी परत चढवायची. फुलावर पाय पडता कामा नये हा तिथला पहिला नियम, आणि कातळ शेवाळलेला. बारीक पावसात काचांवर थेंब, श्वासाने वाफ. हात लांब करून पडदा बघावा तर कॅमेरा हलतो. ऊन पडलं की पडदा आरशासारखा होतो आणि त्यात माझाच चेहरा दिसतो. सोनकीच्या पिवळ्या गालिच्याचे मी त्या उन्हात तीस फोटो काढले, अंदाजाने. घरी येऊन पाहिलं तर बहुतेकांत पाकळ्यांच्या रेषाच नाहीत, नुसता सपाट पिवळा. पडदा दिसला असता तर तिथल्या तिथे उजेड थोडा उतरवला असता. चाळिशी लागलेल्या कुणी मला विचारलं तर मी मेगापिक्सेलच्या आधी, झूमच्या आधी हेच विचारीन: डोळा लावायला खिडकी आहे का, आणि तिला ते चाक आहे का?

तर लेन्स अडकली. दुसऱ्या आठवड्यात पुण्याला कंपनीच्या सेवा केंद्रात गेले. तपासणीचे 500 रुपये आधी भरून घेतले. चार दिवसांनी फोन: "मॅडम, लेन्सचा पूर्ण भाग बदलावा लागेल, 5,900 होतील, आणि पार्ट येईलच याची खात्री नाही." कारण काय, तर धूळ गेली आहे, म्हणजे चूक वापरणाऱ्याची. मी विचारलं, नुसती साफ करून बघता येणार नाही का? "आमच्याकडे असं करत नाहीत." लेखी अंदाजपत्रक द्या म्हटलं, तर त्यासाठी तीनदा फोन करावे लागले. पार्टची वाट बघण्यात पाच आठवडे गेले आणि कॅमेरा जसा दिला होता तसाच परत आला. 500 परत मागितले, ते मिळाले नाहीत. तपासणी झाली हे मला मान्य आहे, पण पार्ट मिळतो की नाही हे पैसे घेण्याआधी सांगता आलं असतं. साडेआठ हजारांच्या वस्तूला सहा हजारांची दुरुस्ती सांगताना समोरच्याला काय वाटत असेल याचा विचार तिथे कुणी केला नाही.

शेवटी साताऱ्यातच घड्याळं आणि जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक काका भेटले. त्यांनी माझ्यासमोर कॅमेरा उघडला. एकात एक बसणाऱ्या नळकांड्या, दुर्बिणीसारख्या, आणि बाजूला तांदळाच्या कणीएवढी दातेरी चाकं. काकांनी डोळ्यावरचं भिंग काढून माझ्या हातात दिली आणि चिमट्याच्या टोकाने दाखवलं. दोन दात्यांच्या मध्ये खसखशीपेक्षाही बारीक लालसर कण अडकला होता. जांभ्याचा. कासचं पठार जांभ्या खडकाचं, तिथली ओली माती माझ्या पर्समध्ये गेली, पर्समधून नळकांड्यात. 900 रुपये घेतले, दोन दिवसांत कॅमेरा चालू. एवढ्याशा कणाने पाच आठवडे खाल्ले होते.

डी90 लाही पाण्या-धुळीपासून संरक्षण नाही, हे सांगायला हवं. पण त्याची लेन्स बिघडली तर लेन्स काढून दुसरी लावता येते. छोट्याची लेन्स गेली की कॅमेराच गेला.

या पाच आठवड्यांत डी90 नाइलाजाने हातात आला आणि माझं मत फिरलं. मुलाच्या सांगण्यावरून 5,200 रुपयांना वापरलेली 50 मिलिमीटरची एफ 1.8 डी लेन्स घेतली. 'एफ' म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; तो जितका लहान तितकं छिद्र मोठं आणि उजेड जास्त. ही लेन्स स्वतःच्या मोटरने फोकस करत नाही, कॅमेऱ्यातल्या मोटरच्या स्क्रूने करते. डी90 मध्ये ती मोटर आहे. डी40, डी3000, डी5000 मध्ये नाही. तिथे हीच लेन्स हाताने फिरवावी लागते. स्वस्तात जुना निकॉन घेणाऱ्यांनी हे आधी बघून घ्यावं.

त्रिपुरी पौर्णिमेला वाईला कृष्णेच्या घाटावर गेले. पायऱ्यांवर पणत्या, त्यांच्या उजेडात सासूबाई वाकून वात सारखी करत होत्या. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, 1600, छिद्र एफ 2. त्यांच्या हाताच्या शिरा, बांगड्यांवरचा पिवळा उजेड, मागे पाण्यात पसरलेले दिवे, सगळं आलं. फोटो सासूबाईंना दाखवला तर त्या बराच वेळ स्वतःच्या हातांकडेच बघत राहिल्या. गेल्या दिवाळीत एका नातेवाइकाच्या अशाच छोट्या कॅमेऱ्याने त्यांचा फोटो काढला होता. त्यात चेहरा रांगोळीवरून हात फिरवल्यासारखा पुसट आला होता. याचं कारण सोपं आहे. छोट्याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चकती, साधारण 6.2 बाय 4.6 मिलिमीटर, डी90 चा 23.6 बाय 15.8. क्षेत्रफळात जवळजवळ तेरापट फरक. पत्र्यावर पडणारा पाऊस वाटीने धरायचा की घमेल्याने, इतका. सतरा-अठरा वर्षांचं वय तो फरक पुसू शकलेलं नाही.

बाकीचं थोडक्यात. बॅटरी: डी90 ची एकदा भरली की मला आठवडाभर पुरते, छोट्याची दुपारपर्यंत संपते, 600 रुपयांची जादा बॅटरी घ्यावी लागली. कार्ड: डी90 ला 32 जीबीपर्यंतचंच घ्या. मी 64 चं आणलं, ते चाललं नाही. व्हिडिओ: डीएसएलआरमध्ये, म्हणजे डी90 सारख्या लेन्स बदलता येणाऱ्या आरशाच्या कॅमेऱ्यांत, पहिल्यांदा व्हिडिओ आला तो याच मॉडेलात, पण आजच्या फोनपुढे त्याचा उपयोग नाही. शटर एक लाख फोटोंपर्यंत तपासलेलं असतं. मुलाचे 31,000 झाले होते, तो आकडा फोटोच्या फाइलमधल्या माहितीत मिळतो. वापरलेला घेणार असाल तर विक्रेत्याकडून आज काढलेला एक मूळ फोटो मागून घ्या.

पावसाळ्यात कॅमेरा ठेवण्याबद्दल मात्र विचारतात म्हणून लिहिते. महागडी कपाटं नकोत. घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा आणि सिलिका जेलचे दाणे. निळे दाणे गुलाबी झाले की एका वेगळ्या जुन्या कढईत मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होतात. ती कढई परत स्वयंपाकाला वापरू नका. तांदळात कॅमेरा ठेवू नका, तांदळाची पूड आत जाते.

इथपर्यंत वाचून वाटेल की निकाल लागला. मलाही तसंच वाटलं होतं. मग जानेवारीत मी वर्षभराचे फोटो लावायला बसले आणि सीतेच्या आसवांपाशी थांबले. ही वनस्पती मांसाहारी. ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात, त्यात सूक्ष्म जीव ओढले जातात. फूल जांभळं-निळं, नखाएवढं. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स त्याच्यापासून दोन सेंटिमीटरवर नेता येते. ऑगस्टमधल्या त्या फोटोत फुलाचा ओठ, देठावरचा थेंब आणि मागे धुक्यातलं अख्खं पठार, सगळं एका चौकटीत आहे. डी90 ची 18-105 पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आत येऊच देत नाही. तिच्या फोटोत तेच फूल एक जांभळा ठिपका आहे. लहान सेन्सरमुळे पुढचं-मागचं जास्त स्पष्ट राहतं. दिव्यांच्या उजेडात जे त्याचं उणं, तेच फुलापाशी त्याचं बळ. मी नोव्हेंबरमध्ये रागाच्या भरात मैत्रिणींना 'छोटा अजिबात घेऊ नका' असं सांगितलं होतं, ते मी मागे घेते. फुलं आणि किडे एवढंच काढायचं असेल आणि जवळचं चांगलं दिसत असेल, तर तो घ्या. फक्त घट्ट चेनच्या पाऊचमध्ये ठेवा, पर्समध्ये मोकळा टाकू नका.

दोन्ही ठेवणं मला परवडत नाही असं नाही, पण एक वापरात नसलेली वस्तू कपाटात ठेवायला मला आवडत नाही. भाची पुण्यात वनस्पतिशास्त्राला आहे. ती परवा म्हणाली, "आत्या, छोटा मला देतेस?" तिच्या मैत्रिणींत हे जुने छोटे कॅमेरे पुन्हा आवडीचे झालेत. तिचे डोळे तरुण आहेत, पडदा तिला वीतभरावरून स्वच्छ दिसतो.

देण्याआधी मला फुलांची सोय करायची होती. 350 रुपयांची 52 मिलिमीटरची उलटी रिंग मागवली. तिच्यावर 50 ची लेन्स उलटी करून डी90 ला लावायची. फोकस आपोआप होत नाही, उजेडही कॅमेरा मोजत नाही, सगळं हाताने. लेन्सवरची छिद्राची कडी 1.8 वर ठेवून बघायचं, 8 वर फिरवून फोटो घ्यायचा, आणि फोकससाठी स्वतःच श्वास रोखून केसभर पुढेमागे व्हायचं. काल सकाळी अंगणात तुळशीच्या मंजिरीसमोर बसले. पहिले चाळीसेक फोटो वाया गेले. मग खिडकीत एक फूल उघडलं: चार पुंकेसर, दोन लांब, दोन आखूड, टोकाला परागाची पिवळी पूड. पंचवीस वर्षं हे फळ्यावर खडूने काढत आले. चष्मा ओट्यावर होता.

भाची रविवारी येते आहे. पाऊच, जादा बॅटरी आणि काकांच्या दुकानाचा पत्ता छोट्यासोबत डब्यात ठेवला आहे.