चित्र कोणाला विकावं: नाव असलेल्या गिऱ्हाइकाला की अनामिक वॉलेटला?

ऑनलाइन चित्रं विकायची म्हटलं की दोन वाटा दिसतात. इन्स्टाग्रामवरून थेट विक्री, नाहीतर ओपनसीसारख्या बाजारात एनएफटी, म्हणजे डिजिटल कामाच्या मालकीची सगळ्यांना दिसणाऱ्या ऑनलाइन वहीत (ब्लॉकचेनवर) केलेली नोंद. कमिशनचा हिशोब सगळेच करतात. मी आधी बघते, कोण कोणाला ओळखतं.

एनएफटीत तुमची प्रत्येक विक्री, पडून राहिलेली कामं, उतरवलेली किंमत, सगळं उघड्यावर. घेणारा मात्र ४२ अक्षरांचा एक पत्ता, त्याच्या वॉलेटचा, म्हणजे क्रिप्टोच्या डिजिटल पाकिटाचा. एकच माणूस चार वॉलेटांतून बोली लावतोय का, हे सहजासहजी कळत नाही. मार्च २०२१ मध्ये क्रिस्टीज या लिलावगृहाने बीपल या डिजिटल चित्रकाराचं एनएफटी काम ६.९३ कोटी डॉलरला विकलं. बीपल म्हणजे माइक विंकलमन हे सगळ्यांना ठाऊक होतं, खरेदीदाराचं मात्र फक्त 'मेटाकोवन' हे टोपणनाव. तो मूळचा तमिळनाडूचा विग्नेश सुंदरेशन, हे त्याने काही दिवसांनी स्वतःच सांगितलं. कधी सांगायचं, ते त्याच्या हातात होतं. चित्रकाराला ती मुभा सहसा नसते, कारण काम नावावरच खपतं. एक्सकॉपी हा डिजिटल चित्रकार टोपणनावानेच मोठा झाला खरा, पण ते नावही वर्षानुवर्षं काम करून कमावलेलं आहे.

फेरविक्रीची रॉयल्टी, म्हणजे काम पुढे विकलं गेलं की चित्रकाराला मिळणारा वाटा, हे एनएफटीचं मोठं आकर्षण होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये ओपनसीने ती ऐच्छिक करत असल्याचं जाहीर केलं. घेणाऱ्याचं नावच माहीत नसेल तर मागायची कोणाकडे? हातच्या मूळ चित्राला आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५३अ आहे: फेरविक्रीची किंमत १०,००० रुपयांवर गेली तर चित्रकाराला वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के. पण त्यासाठीही चित्र कोणाकडे गेलं, हे ठाऊक हवं.

थेट विक्रीत डोकेदुखी आहेच. रात्री अकराला 'लास्ट प्राइस?', वर फ्रेम फुकट हवी. तरीही समोर नाव-पत्ता असलेला माणूस असतो. बिलावर शीर्षक, माप, माध्यम, वर्ष, 'कॉपीराइट चित्रकाराकडे' आणि 'पुढे विकल्यास कळवावे' एवढं लिहा. पूर्ण पैसे खात्यात आल्याशिवाय कुरिअर करू नका. मधला एजंट गिऱ्हाइकाचं नाव सांगत नसेल, तर ती विक्रीही अनामिकच समजा.

माझं मत स्पष्ट आहे. एकमेव, हाताने केलेली चित्रं नाव सांगणाऱ्यालाच द्या. डिजिटल काम एनएफटीत टाकायचंच असेल, तर रॉयल्टी शून्य धरून पहिल्याच विक्रीत पुरेल एवढी किंमत लावा.