धाब्याच्या घराचा विमा: आधी अभियंता की आधी कंपनीची पाहणी?

आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांना १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घराच्या विम्याची प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. तरीही खान्देशातल्या गावठाणातील जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरासाठी अर्ज केला, की गाडी बांधकामाचा प्रकार विचारणाऱ्या रकान्यापाशीच अडते. अशा मालकापुढे दोन वाटा असतात: थेट अर्ज करून कंपनीची पाहणी होऊ द्यावी, किंवा आधी स्वखर्चाने स्थापत्य अभियंत्याकडून घर तपासून घ्यावे.

कंपनीच्या पाहणीसाठी मालकाला सहसा वेगळा खर्च येत नाही. घर पंधरा-वीस वर्षांतले, आरसीसी स्लॅबचे आणि नदी-नाल्यापासून दूर असेल, तर माझ्या मते तेवढी पुरे आहे. मात्र पाहणारा माणूस कंपनीची जोखीम मोजायला आलेला असतो. भेगेचे कारण शोधणे हे त्याचे काम नाही आणि त्याचा अहवाल बहुधा मालकाच्या हाती येत नाही. शिवाय अनेक प्रस्ताव अर्जांत ‘पूर्वी कोणी विमा नाकारला आहे का’ असा प्रश्न असल्यामुळे एकदा मिळालेला नकार पुढच्या अर्जातही सांगावा लागतो.

अभियंत्याला शुल्क द्यावे लागते, पण जुन्या घरासाठी मी हीच वाट आधी धरायला सांगेन. तापी-गिरणेच्या काठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग गिलाव्यापुरती आहे की पाया खचल्याची खूण आहे, हे जाणकारालाच सांगता येते. आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर), पावसापूर्वी तपासणी केली तर भेगा पुरत्या उघडलेल्या दिसतात. धाब्याखालच्या सऱ्यांना (आधाराच्या आडव्या लाकडांना) वाळवी लागली आहे का, वायरिंग किती जुने आहे आणि जोते किती उंच आहे, हेही अहवालात लिहून घ्यावे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले होते. अशा ठिकाणी पुराची पातळी घराच्या कुठवर आली होती, याची नोंद आवश्यकच आहे.

या वाटेवर एक बंधनही येते. अहवालात कळलेला दोष अर्जात लपवला, तर दावा नाकारला जाऊ शकतो. म्हणून आधी दुरुस्ती करावी, तिच्या पावत्या आणि छायाचित्रे जपावीत, त्याच अभियंत्याकडून पुन्हा पाहणी करून घ्यावी आणि मगच अर्ज भरावा. त्याच भेटीत घराचे चटईक्षेत्र (कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतले वापराचे क्षेत्र) चौरस मीटरमध्ये मोजून घ्यावे, कारण या पॉलिसीत घराची विमा रक्कम चटईक्षेत्र आणि बांधकामाचा दर यांच्या गुणाकाराने ठरते.