एक हंगाम, तीन प्लॉटर: फुरुनो, गार्मिन की लोरान्स?

पावसाळी मासेमारी बंदी उठल्यापासून पुन्हा बंदी लागेपर्यंत, म्हणजे ऑगस्ट ते मे, वापरून झाल्यावर लिहितोय. नौका रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या, 30 ते 40 फुटी, आत बसवलेलं डिझेल इंजिन. काहींचं बूड लाकडी, काहींचं फायबरचं. यंत्रं सात इंची: फुरुनो जीपी-1871एफ, गार्मिन इकोमॅप यूएचडी2 आणि लोरान्स हूक रिव्हील. तिन्हींत जीपीएस, नकाशा आणि फिशफाइंडर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे दाखवणारं यंत्र) एकाच डब्यात आहे.

ब्रँडवरून वाद घालण्याआधी ट्रान्सड्यूसर ठरवा. डबा फक्त दाखवतो. पाण्यात आवाज सोडायचं आणि प्रतिध्वनी ऐकायचं काम बुडाखालचा तो गोळा, म्हणजे ट्रान्सड्यूसर, करतो. गार्मिन आणि लोरान्सच्या या मॉडेलांसोबत सहसा मागच्या फळीवर लावायचा ट्रान्सड्यूसर येतो. तो आउटबोर्डवाल्या हलक्या होडीसाठी ठीक आहे. आपल्या नौकेत मागच्या फळीवर नेमका पंख्याचा (प्रोपेलरचा) फेस येतो, आणि पाण्यातल्या बुडबुड्यांतून आवाज पुढे जात नाही. नौका उभी असताना तळ स्वच्छ दिसतो, वेग घेतला की पडदा ठिपक्यांनी भरतो. मग लोक यंत्राला शिव्या देतात.

गोळा बुडातून आरपार बसवायचा, पंख्याच्या बराच पुढे, जिथे नौका चालताना पाणी सलग वाहतं तिथे. लाकडी बुडाला ब्राँझचाच घ्या. लाकूड पाण्यात फुगतं आणि प्लास्टिकच्या दांड्याला चीर जाते. ती चीर म्हणजे थेट गळती. भरीव फायबर असेल तर आतून चिकटवूनही चालतं, पण मध्ये फोम किंवा लाकडाचा थर असेल तर नाही. फुरुनो बहुधा ट्रान्सड्यूसरशिवाय विकतात. त्यामुळे खर्च वाढतो, पण गोळा 600 वॉटचा घ्यायचा की 1 किलोवॉटचा हे तुम्हाला निवडता येतं. आमच्या लेखी हाच त्याचा सगळ्यात मोठा फायदा.

फ्रीक्वेन्सीचं गणित सोपं आहे. 200 किलोहर्ट्झच्या आवाजाचा झोत साधारण 12 अंशांचा असतो. 30 मीटर पाण्यात तळावर जेमतेम सहा मीटरचं वर्तुळ दिसतं. 50 किलोहर्ट्झचा झोत 45 अंशांच्या आसपास, तिथे तेच वर्तुळ 25 मीटरचं होतं. म्हणजे 50 वर दिसलेला मासा नौकेखालीच असेल असं नाही. किनाऱ्याजवळ 200 पुरतं, खोल पाण्यात जाणाऱ्यांनी 50/200 दोन्ही घ्यावं. हूक रिव्हील घेताना खोक्यावर ‘स्प्लिटशॉट’ आहे की ‘50/200’ ते बघा. स्प्लिटशॉटमध्ये 50 नसतं. फोटोसारखं दिसणारं डाउनस्कॅन किंवा क्लिअरव्ह्यू खडक ओळखायला छान, पण त्याची फ्रीक्वेन्सी जास्त असल्याने खोल पाण्यात ते लवकर दमतं.

मासा दिसण्याबद्दल एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. प्रतिध्वनी मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो. घोळीचा बोत, म्हणजे हीच पिशवी, मोठा, म्हणून ती ठसठशीत दिसते. मोठ्या पापलेटाला ही पिशवी जवळपास नसतेच, त्यामुळे थवा असूनही पडद्यावर फिकट धूर दिसतो. गेन (प्रतिध्वनी किती वाढवून दाखवायचा ते सेटिंग) थोडा वाढवा. यंत्र बदलून त्यात फरक पडणार नाही.

आता वीज. हंगामात सगळ्यात जास्त तक्रार होती ‘इंजिन चालू केलं की जीपीएस बंद होऊन परत सुरू होतो’. मल्टिमीटर यंत्राच्या मागच्या प्लगवर लावा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. 12.6 व्होल्टवरून आकडा 10 च्या खाली गेला तर दोष बॅटरीचा, वायरचा किंवा जोडांचा. बॅटरीपासून केबिन सहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 12 मीटर वायर होते. 2 अँपिअरला 0.75 चौरस मिमीच्या वायरमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त गळतं, 2.5 चौरस मिमीच्या वायरमध्ये 0.2 व्होल्टपेक्षा कमी. कथील चढवलेली तांब्याची वायर घ्या; साधं तांबं खाऱ्या हवेत वर्षभरात आतून हिरवं पडतं. लाइन बॅटरीवरून थेट, मध्ये पुस्तिकेत दिलेल्या अँपिअरचा फ्यूज. शक्य असेल तर स्टार्टरची बॅटरी वेगळी ठेवा. 24 व्होल्टच्या नौकेत फुरुनो सरळ जोडता येतो, त्याला 12-24 दोन्ही चालतं. बाकीच्यांवरची व्होल्टची पाटी वाचल्याशिवाय जोडू नका.

नकाशांत फार गुंतू नका. नॅव्हिऑनिक्स ही नकाशांची कंपनी 2017 पासून गार्मिनकडे आहे. फुरुनोच्या या मॉडेलात सी-मॅप या दुसऱ्या कंपनीचा नकाशा चालतो आणि लोरान्सवरही सी-मॅपचं कार्ड चालतं, म्हणजे तिथे फरक मांडणीचा आहे. खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा दर पावसाळ्यात सरकतो आणि तो कुणाच्याच कार्डावर खरा नसतो. पहिल्या फेरीला भरतीच्या वेळी आत-बाहेर करून स्वतःचा ट्रॅक साठवा आणि वर्षभर तोच वापरा.

पीएफझेडचा, म्हणजे मासे मिळण्याची शक्यता असलेल्या क्षेत्रांचा, सल्ला वापरणाऱ्यांनी सेटिंग तपासा. हा सल्ला देणारी सरकारी संस्था इन्कॉइस अक्षांश-रेखांश अंश-मिनिट-सेकंदांत आणि अंतर किलोमीटरमध्ये देते. प्लॉटर बहुधा मिनिटांचे दशांश आणि सागरी मैल दाखवतो. 16°42'50" हे 16°42.50' असं टाकलं तर चूक एक तृतीयांश मिनिटाची, म्हणजे 600 मीटरहून जास्त. पीएफझेडसाठी तेवढ्याने बिघडत नाही. पण दुसऱ्या तांडेलाने (नौकेच्या प्रमुखाने) सांगितलेली अडकणीची, म्हणजे तळाला जाळं अडकतं त्या जागेची, खूण अशी टाकलीत तर जाळं गेलंच. सेकंदांना 60 ने भागा, किंवा सेटिंगमध्ये तोच प्रकार निवडा.

टचबद्दल थोडक्यात: माशाचा चिकटा लागलेल्या ओल्या हाताला टच ऐकत नाही आणि पावसाचे थेंब स्वतःच बटणं दाबतात. हूक रिव्हीलला टच नाही, सगळी बटणं. खलाशांना तेच आवडलं. गार्मिनला टचसोबत काही बटणं आहेत. पडदा होकायंत्रापासून किती लांब हवा ते पुस्तिकेत असतं. बसवल्यावर यंत्र चालू-बंद करून सुई हलते का ते बघा.

किनाऱ्याजवळ गिलनेट लावणाऱ्या लहान फायबर होडीला हूक रिव्हील पुरे. ट्रॉल जाळं ओढणाऱ्या, 24 व्होल्टच्या किंवा लाकडी नौकेला आम्ही फुरुनो आणि ब्राँझचा गोळा सुचवू. गार्मिन मधला, मेनू सगळ्यात सोपा. बंदीत नौका वर ओढली की गोळ्याचा चेहरा लाकडी पट्टीने खरवडा, थिनर लावू नका, आणि त्यावर रंग पाण्यावर आधारितच वापरा. त्याआधी यंत्रात साठवलेल्या सगळ्या खुणा मेमरी कार्डावर काढा: गार्मिनची स्वतःची फाइल एडीएम, लोरान्सची यूएसआर, पण दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात न्यायच्या तर जीपीएक्समध्ये. कार्ड नौकेत ठेवू नका.