स्पितीतली सायकल ट्रिप, होमस्टे आणि मधला माणूस

हिमाचलातल्या स्पितीत सायकल चालवायची आणि मुक्काम गावातल्या कुटुंबांकडे करायचा, अशा ट्रिपा पुण्या-मुंबईत सध्या बऱ्याच विकल्या जातात. कल्पना छानच आहे, आणि ती नीट राबवणारी माणसंही आहेत. आमची गाठ मात्र भलत्याच आयोजकाशी पडली. त्याने आम्हाला फसवलं, ज्यांच्या घरी उतरवलं त्या कुटुंबाला फसवलं, सायकली भाड्याने देणाऱ्याला आणि ड्रायव्हरलाही सोडलं नाही. एका वेळी इतक्यांना गंडवणं त्याला जमलं, कारण यातल्या कोणाचंच दुसऱ्याशी आधी बोलणं होणार नाही याची तजवीज त्याने केली होती.

पॅकेज माणशी ३८,५०० रुपयांचं. सिमल्याहून सराहन, कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करत काझाला पोहोचायचं, आणि तिथून पुढे की, किब्बर, चिचमचा पूल, लांग्झा, हिक्किम, कोमिक हे सगळं सायकलवर. हायड्रॉलिक ब्रेकच्या एमटीबी, म्हणजे डोंगरी रस्त्यांच्या सायकली, सोबत मेकॅनिक, मागे बॅकअप गाडी, गाडीत ऑक्सिजन सिलिंडर. आयोजक अस्खलित मराठी बोलणारा, प्रत्येक वाक्यात 'ताई' आणि 'दादा'. आपल्याकडे एवढ्यावर निम्मं काम होतं. रील्स तर बघत राहावीत अशी होती. त्यातल्या एकात सायकली देवदारांच्या दाट सावलीतून चालल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, स्पिती व्हॅली. आता ज्याने स्पिती पाहिली आहे तो इथेच हसेल. ते थंड वाळवंट आहे, देवदाराचं रान तिथे औषधालाही सापडत नाही. दुसऱ्याचं चित्रण उचलून आपल्या नावावर खपवलेलं होतं ते.

निम्मे पैसे बुकिंगला घेतले, तेही कंपनीच्या खात्यात नाही, एका तिसऱ्याच माणसाच्या यूपीआयवर. कारण काय, तर 'जीएसटीचं काम चालू आहे, ताई, आठ दिवसांचा प्रश्न.' उरलेले पैसे निघायच्या आधी. त्यानंतर परमिटचे म्हणून वर माणशी २,२०० रुपये. हे परमिट प्रकरण मुद्दाम सांगते, कारण याच नावाखाली अजूनही पैसे उकळले जातात. किन्नौर-स्पितीच्या त्या पट्ट्यात परदेशी पाहुण्यांना परवाना लागतो. भारतीय नागरिकाला लागत नाही. आधार कार्ड जवळ असलं की झालं.

निघायच्या दोन दिवस आधी मेसेज आला की किन्नौरच्या बाजूला दरड कोसळली आहे, म्हणून मनालीवरून जायचं. दरडी तिथे कोसळतातच, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. त्या आठवड्यात रस्ता चालू होता हे नंतर काझातल्या लोकांकडून कळलं. मनालीवरून गेलं की वाटेतले मुक्काम वाचतात, म्हणजे त्याचे पैसे वाचतात, एवढीच ती दरड. पण याची किंमत पैशात मोजण्यासारखी नव्हती. मनाली दोन हजार मीटरच्या आसपास. तिथून एका दिवसात ग्रांफू, बातलचा तो हाडं खिळखिळी करणारा रस्ता, मग साडेचार हजार मीटरवरची कुंझुम खिंड, आणि रात्रीला थेट साडेतीन हजारांच्या वरचं काझा. तीन हजार मीटरच्या पुढे रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हे ट्रेकिंग करणारं पोरही सांगेल. आमच्यातले एक काका, वय बासष्ट, सिंहगड हसत चढणारे, त्या रात्री ओकून ओकून गळून गेले. ऑक्सिमीटरवर ७४. बॅकअप गाडीतला सिलिंडर काढला तर तो रिकामा. काझाच्या सरकारी दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, दोन दिवस झोपवून ठेवलं, तेव्हा काका माणसात आले.

काका बरे झाल्यावर आम्ही ठरलेल्या गावी, ठरलेल्या घरी गेलो. गावाचं नाव देत नाही, त्या कुटुंबाला आणखी ताप नको. मातीच्या जाड भिंतींचं पांढरं घर, स्वयंपाकघराच्या मध्यभागी तंदूर, म्हणजे ऊब देणारी लोखंडी शेगडी, भोवती भिंतीला लागून गाद्या. घरातल्या आजींना सगळे आमा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. जेवण गरमागरम मिळे, नूडल्सचं सूप म्हणजे थुकपा काय, वाफवलेला पाव म्हणजे तिंगमो काय, पण आमा गप्प गप्प. बोलल्या तरी एखाद-दुसरा शब्द. डोंगरातली माणसं अबोल असतात, अशी आम्ही आपली समजूत करून घेतली. आयोजकाने निघतानाच बजावलं होतं, 'तिथे पैशाचा विषय काढू नका हं, पहाडी लोकांना अपमान वाटतो. सगळं माझ्याकडून पोहोचलंय.'

शेवटी आमाच्या मुलीने एक वही आणून समोर ठेवली. शाळेची शंभर पानी वही, पानांवर पेनाने रेघा मारून रकाने पाडलेले: तारीख, माणसं, रात्री, अ‍ॅडव्हान्स, बाकी. माणशी रात्रीचे जेवणासकट १,२०० रुपये. आमच्या ओळीत अ‍ॅडव्हान्सच्या रकान्यात २,०००. सबंध ग्रुपचे मिळून. ती म्हणाली, "दीदी, भैया ने बोला था गेस्ट बड़े लोग हैं, आख़िरी दिन खुद दे देंगे, माँगना मत, बुरा मानेंगे." म्हणजे आम्हाला सांगायचं ते मागणार नाहीत, त्यांना सांगायचं हे देतील, आणि दोन्हीकडे वर मानापमानाचं कुलूप. वहीत चार ओळी वर त्याच्याच आधीच्या ग्रुपची नोंद होती, बाकीचा रकाना भरलेला आणि त्याला लाल पेनाने गोल केलेला. ते लोक तर पहाटे गाडीत बसून निघूनही गेले होते, बिचारे, पैसे चुकते झाले आहेत याच समजुतीत.

आमाचे पैसे आम्ही दिले. नेटवर्क येईल तेव्हा यूपीआय, उरलेले काझाच्या एटीएममधून काढून. आधीच्या ग्रुपची बाकी थोडी तरी घ्या म्हटलं, तर आमांनी ऐकलं नाही. त्यानंतर मात्र आमा बोलू लागल्या, इतक्या की मटारच्या यंदाच्या भावापासून नातवाच्या बोर्डाच्या निकालापर्यंत सगळं कळलं.

सायकलींची कथा छोटी आहे. हायड्रॉलिक वगैरे काही नव्हतं, केबलचे ब्रेक, आणि पॅड झिजून पत्र्याला पत्रा लागलेला. लांग्झाहून काझाकडे सात-आठशे मीटरचा उतार आहे, वळणावर वळणं, कडेला कठडा नाही. पहिल्याच वळणावर आमच्यातल्या एकीने ब्रेक दाबला आणि नुसतीच किंचाळी आली, वेग काही कमी होईना. सायकल डोंगराच्या अंगाला घालून तिने जीव वाचवला, कोपर सोलून निघालं. राहिलेला उतार सगळ्यांनी सायकली हातात धरून चालत उतरला. खाली सायकलवाला वाट बघत उभाच. त्याचंही भाडं थकलेलं, त्याला सायकली परत हव्या होत्या. मेकॅनिक कुठे विचारलं तर तो म्हणाला, कोणता मेकॅनिक? ड्रायव्हरला डिझेलचेही पैसे मिळाले नव्हते. त्याने गाडी दुसऱ्या पार्टीला लावली, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आयोजकाचा फोन आधी 'मीटिंगमध्ये आहे', मग बंद. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फक्त अ‍ॅडमिनने लिहायचा झाला, आणि दोन तासांत आम्ही एकेक करून बाहेर. पुण्यात येऊन पुरावे काढायला बसलो तेव्हा खरी मेख कळली. त्याने सुरुवातीपासून ग्रुपवर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय सात दिवसांवर लावून ठेवली होती. मार्गाचा तक्ता, सायकलींचं वर्णन, 'सगळं माझ्याकडून पोहोचलंय' हा मेसेज, सगळं साफ. ग्रुपच्या नावावर टिचकी मारली की ही सोय चालू आहे का ते दिसतं. पैसे घेणाऱ्या माणसाने ती लावली असेल तर त्याच क्षणी प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट काढा, किंवा सरळ नाद सोडा.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली. पैसे नुकतेच गेले असतील तर तिथून समोरचं खातं गोठवता येतं, आमच्या बाबतीत आठवडे उलटले होते. पोलिसांचं म्हणणं, ट्रिप काही प्रमाणात झाली आहे, तेव्हा हा ग्राहक वाद. मग ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आयोजक कुठला का असेना. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. आमच्या बाजूने कामाला आलं ते बँकेचं स्टेटमेंट, झिजलेल्या पॅडचे फोटो आणि आमाच्या वहीच्या त्या पानाचा फोटो, जो तिच्या मुलीने स्वतःहून काढून दिला.

यंदाही लोक जाणार आहेत, आणि जावंच. फक्त पैसे भरण्याआधी घराचा नंबर मागा आणि त्या घराशी स्वतः बोला. हिमाचलात होमस्टेची पर्यटन खात्याकडे नोंदणी असते, तो क्रमांक विचारा. दर काय, किती पोहोचले, हे थेट विचारा. कोणीही अपमान मानत नाही, उलट आमा म्हणाल्या होत्या की शहरातले लोक विचारतील तर बरं. राहण्याचे पैसे तर त्या घरीच द्यावेत हे उत्तम. आयोजक यावर आढेवेढे घेऊ लागला, 'नेटवर्क नसतं, ताई' म्हणू लागला, तर समजा. काझात फोन लागतो.

आमच्या तक्रारीची पुढची तारीख लागली आहे. वहीतला तो आधीचा पुण्याचा ग्रुप कोण होता हे अजून कळलेलं नाही. सारखीच तक्रार असलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र दावा लावता येतो, तेव्हा जूनच्या शेवटी स्पितीतून सायकल ट्रिप करून पहाटेच्या गाडीने निघालेले कोणी ओळखीत असतील तर त्यांना हे वाचायला द्या. त्यांच्या नावावर एका घरी बाकी लिहिलेली आहे, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसेल.