कोबोल्ड साइडकिक, आठ महिन्यांनंतर: सहाव्या लेव्हलला डोक्यावर बसतो

डंजन्स अँड ड्रॅगन्स (फाशांवर चालणारा भूमिका-खेळ) मधल्या साइडकिकचे, म्हणजे प्लेयरांच्या पात्रांबरोबर फिरणाऱ्या मदतनिसाचे नियम पाचव्या आवृत्तीत या रूपात २०२० पासून आहेत, त्यामुळे वॉरियर, एक्स्पर्ट आणि स्पेलकास्टर हे त्याचे तीन प्रकार म्हणजे काय हे परत उगाळत नाही. इथे लिहितोय ते फक्त चार जणांच्या पार्टीबरोबर पहिल्या लेव्हलपासून सहाव्यापर्यंत चाललेल्या कोबोल्ड (सरड्यासारखा बुटका प्राणी) एक्स्पर्टबद्दल आणि त्याच काळात टेबलवर आलेल्या दोन होमब्रू (स्वतः रचलेल्या) वस्तूंबद्दल, छत्री आणि किटली. पाचव्या लेव्हलपर्यंत साडेचार तारे दिले असते. सहाव्या लेव्हलच्या दुसऱ्याच लढाईत ते तीनवर आले. कारण एकच: बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधल्या मुख्य ॲक्शनशिवायची जादा ॲक्शन) मिळणारी फुकटची हेल्प, म्हणजे मित्राच्या अटॅकला मदत. तिच्यावर खाली जरा जास्तच लिहिलंय, त्याला इलाज नाही.

आधी एचपीचं (हिट पॉइंट, किती मार सोसतो ते) बघू. कोबोल्ड निवडला जातो तो गोड वाटतो म्हणून. त्याचं कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) ९ आहे, हे निवडताना कुणी बघत नाही. त्यावरून फाशात धरायचा मॉडिफायर उणे १, फासा डी६ (सहा बाजूंचा), म्हणजे दर लेव्हलला साधारण अडीच एचपी. २०१४ च्या स्टॅट ब्लॉकमधले (प्राण्याच्या आकड्यांचा तक्ता) ५ धरून सहाव्या लेव्हलला जेमतेम २० होतात. फायरबॉल मंत्राच्या इजेची सरासरी २८ आहे, सेव्ह (बचावाचा फासा) जमला तरी १४ जातात. चौथ्या लेव्हलला जे दोन पॉइंट मिळतात ते दोन्ही डोळे मिटून कॉन्स्टिट्यूशनला द्या. ९ चे ११ झाले की मॉडिफायर शून्यावर येतो आणि ही वाढ आधीच्या हिट डाइसनाही (एचपीचे फासे) लागू होते. सहाव्या लेव्हलला एकूण हिट डाइस आठ, म्हणून २० चे २८. डेक्स्टेरिटी (चपळाई) १५ वरून १७ करून अटॅकला +१ घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण बेशुद्ध पडलेल्याच्या +१ ला कोण विचारतो?

पॅक टॅक्टिक्सवरही (शत्रूजवळ मित्र असला की अटॅकला मिळणारा ॲडव्हांटेज, म्हणजे वीस बाजूंचा डी२० दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा) फार भिस्त ठेवू नका. उन्हात कोबोल्डला डिसॲडव्हांटेज (दोनातला लहान आकडा) लागतो आणि दोन्ही एकमेकांना खातात. गुहेत वाघ, बाहेर शेळी.

आता हेल्प. डी२० वर ११ किंवा जास्त हवे असतील तर अटॅक लागण्याची शक्यता ५० टक्के असते, ॲडव्हांटेज मिळाला की ७५. क्रिटिकल (थेट २० पडणं) ५ वरून ९.७५ टक्क्यांवर जातो. दर फेरीला एवढं घसघशीत दान, आणि त्यासाठी कोबोल्डची ॲक्शनसुद्धा खर्च होत नाही. (हा ॲडव्हांटेज मित्राच्या फक्त पहिल्या अटॅकला असतो. दोन अटॅक असलेल्या फायटरला दोन्हींवर देऊन टाकणं ही सर्रास होणारी चूक आहे.)

तरी पाचव्या लेव्हलपर्यंत हिशेब बसत होता, कारण मदत करायला शत्रूच्या ५ फुटांत जावं लागतं. एसी (बचावाचा आकडा) १२ घेऊन ओगर राक्षसाच्या पायाशी उभं राहायचं म्हणजे मदतीची किंमत आपोआप वसूल होते. सहाव्या लेव्हलला कोऑर्डिनेटेड स्ट्राइक येतो आणि ५ फुटांचे ३० फूट होतात. शिवाय त्याच टर्नमध्ये कोबोल्डचा स्वतःचा अटॅक लागला तर वर २डी६ इजा. लांबून धनुष्य चालवणाऱ्या ‘रोग’ला (चोर-पात्र) दर फेरीला स्नीक अटॅकचे (ॲडव्हांटेज असला की मिळणारी जादा इजा) ३डी६ घरपोच मिळतात, आणि कोबोल्ड खांबामागे सुखरूप. नियमाने यात काहीच चुकीचं नाही. चूक टेबलवर दिसते. “कोबोल्ड हेल्प करतो.” पुढची फेरी, “कोबोल्ड हेल्प करतो.” ज्या प्राण्याला गंमत म्हणून पार्टीत घेतला त्याचं तीन शब्दांचं बटण होतं.

वेळेच्या बाबतीत हा आढावा कंजूष माणसाने लिहिलाय, हेही सांगून टाकतो. साइडकिकच्या टर्नला एक मिनिट धरलं, लढाई पाच फेऱ्यांची आणि सेशनमध्ये तीन लढाया, तर पंधरा मिनिटं गेली. त्या पंधरा मिनिटांत हसू आलं तर पैसे वसूल. “हेल्प करतो” यात हसण्यासारखं काय आहे?

म्हणून होमब्रू केला. एका कार्डावर सहा युक्त्या लिहायच्या: शेपटी ओढणे (५ फूट), पायात घुटमळणे (५ फूट), तोंडावर राख फेकणे (१० फूट), मेल्याचं सोंग घेऊन अचानक उठणे (५ फूट), पातेलं बडवणे (३० फूट), शत्रूच्या म्होरक्याच्या आवाजात हाक मारणे (३० फूट, त्यांची भाषा येत असेल तरच). हेल्प करायची तर यातली एक खेळायची. वापरली की त्या लढाईपुरती काट. एकाच शत्रूवर तीच युक्ती लाँग रेस्टपर्यंत (लांब विश्रांती) परत चालत नाही. लढाई तीन-चार फेऱ्यांची असेल तर सहा पुरून उरतात, पण ३० फुटांवरून चालणाऱ्या दोनच आहेत. तिसऱ्या फेरीला कोबोल्डला खांबामागून बाहेर यावंच लागतं.

पहिल्या वेळी यात शत्रूला विस्डम सेव्ह, डीसी १२ (बेरीज किमान १२ हवी) असंही घातलं होतं. ते साफ फसलं. एक फासा वाढला, पुढे कोण कशाने इम्यून यावर चर्चा, आणि सेव्ह जमला की प्लेयरचा पोपट. सेव्ह काढून टाकला. आता निकष फक्त समोर दिसणाऱ्या गोष्टीचा: जिलॅटिनस क्यूबला (जेलीचा चौकोनी राक्षस) शेपटी नाही, तर ओढणार काय? युक्ती बसत नसेल तर दुसरी निवडायची, टर्न वाया घालवायचा नाही. दर लेव्हलला एक जुनी युक्ती खोडून नवी लिहिता येते. कार्ड भरत ठेवायचं नाही, नाहीतर परत तेच बटण.

यानंतर मत पुन्हा वर सरकलं. हेल्पची ताकद तेवढीच आहे, पण आता ती खेळावी लागते.

लढाईत साइडकिक प्लेयरच्या हातात आणि त्याच्याच इनिशिएटिव्हवर (टर्नचा क्रम) ठेवा. संभाषणात डीएमकडे (खेळ चालवणाऱ्याकडे). डीएमनेच दोन्ही केलं तर त्या लष्कराच्या भाकऱ्या होतात, आणि दोन एनपीसी (डीएमने चालवलेली पात्रं) एकमेकांशी बोलू लागले की चार प्लेयर फोन काढतात. कोबोल्डने सुगावा स्वतःहून कधीच सांगू नये, विचारलं तरी अर्धाच सांगावा. एक्सपीची (अनुभवाचे गुण) वाटणी नकोच, पार्टीची सरासरी लेव्हल वाढली की तोही वाढतो.

आता वस्तू. छत्रीचं थोडक्यात: उघडली की पडण्याचा वेग फेरीला ६० फूट. मर्यादा न घालता दिली आणि कॅम्पेनमधले सगळे कडे सपाट झाले. एरवी दर १० फुटांना १डी६ इजा असते म्हणून तर उंचीची भीती वाटते. आता ती जमिनीवर पोचल्यावर डी६ टाकतात, १ किंवा २ आला तर लाँग रेस्टपर्यंत मिटत नाही. बोळातून उघडी छत्री घेऊन लपतछपत जायचं.

किटली जास्त आवडली आणि जास्त छळलंही तिनेच. पाणी उकळायला दहा मिनिटं, मग हो-नाही स्वरूपाच्या एका प्रश्नाला शिट्टीने उत्तर. डी६ वर १-२ आला तर खोटं. म्हणजे दोन तृतीयांश वेळा खरं. प्लेयर लोकांनी तोच प्रश्न तीनदा विचारून बहुमत घ्यायला सुरुवात केली. गणिताने ६७ टक्क्यांचे ७४ होतात, पाचदा विचारलं तर ७९. फायदा एवढासाच, पण त्यासाठी खेळातला अर्धा-पाऊण तास चुलीपाशी, आणि खऱ्या सेशनमधली दहा मिनिटं शिट्ट्या मोजण्यात. दुरुस्ती: फासा डीएमने पडद्याआड एकदाच टाकायचा, त्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या सूर्योदयापर्यंत तेच. शब्द फिरवून विचारलं तर किटली झाकण आपटते आणि दिवसभर बोलत नाही. तोच प्रश्न की वेगळा, यावर वाद झाला तर निर्णय किटलीचा, म्हणजे डीएमचा.

सध्या किटलीला साडेचार, छत्रीला तीन, कार्डासह कोबोल्डला चार. कार्डाशिवाय तीनच.

ज्यांना ही खोडाखोड नको त्यांनी मॅस्टिफ (मोठा कुत्रा) वॉरियर घ्यावा. सहाव्या लेव्हलला सरासरी ३८ एचपी, चौथ्या लेव्हलचे पॉइंट कॉन्स्टिट्यूशनला दिले तर ४५. वॉरियरची डिफेंडर ही भूमिका घेतली की ५ फुटांतला शत्रू दुसऱ्या कुणावर अटॅक करताना रिॲक्शनने त्याला डिसॲडव्हांटेज. टर्न वीस सेकंदांत संपतो. एक्स्पर्ट मात्र त्याला होता येत नाही, त्यासाठी निदान एक भाषा बोलता यावी लागते.